एकतिसावं पान

रिव्हरटन, मॅनिटोबा
९ मे १९८३

प्रिय स्वावा,

तुझी पेटी शुक्रवारच्या बसने आली. ड्रायव्हरने दोन्ही हातांनी उचलून ओट्यावर ठेवली आणि म्हणाला, "मॅडम, या वयात शिलाई मशीन कशाला मागवलंत?" मी म्हटलं, "शिलाई मशीन नाही, कॉम्प्युटर आहे. माझी भाची व्हँकुव्हरला हे दुरुस्त करते. प्रवासात हातातून नेता येतो म्हणे." तो कंबर धरून म्हणाला, "नेणारा कोण असतो ते एकदा बघायचंय मला."

नाव मात्र तुमच्या लोकांनी बरोबर ठेवलंय, पेलिकन. कड्या काढल्या की खालचा जबडा सुटून हातात येतो आणि त्याच्यावर सगळी अक्षरं. वरची काच पोस्टकार्डाएवढीसुद्धा नाही. भिंग घेऊन वाचते. हिरवी अक्षरं काळोखात पोहल्यासारखी दिसतात. वाचता वाचता माझा डोळा लागतो आणि जाग आली तरी ती तिथेच, माझी वाट बघत.

आम्माच्या स्वप्नांच्या दोन वह्या आणि तिसरी माझी, असं मिळून पुस्तक करायचं ठरलंय. नदीकाठच्या बायकांनी सत्तर वर्षांत पाहिलेली स्वप्नं. महिला मंडळाला ऑक्टोबरच्या चहापानापर्यंत हवंय. टाइपरायटर माझ्या बोटांना आता झेपत नाही, ही कळ मात्र हलकी आहे. तेव्हा टाइप होतंय. अडलंय ते छापण्यापाशी. तुझा प्रिंटर एक ओळ छापतो, एक ओळ कोरी सोडतो. परत एक छापतो, परत कोरी. जणू खोलीत आणखी कुणी आहे आणि हा त्याच्या उत्तरासाठी थांबतो. मला आधी गंमत वाटली. मग दहा पानांच्या मजकुराला वीस पानं लागली.

फोनच केला असता, पण आमच्या लाइनीवर पाच घरं आहेत आणि शेजारची बेन्ता कायम कान लावून बसलेली. प्रिंटरचं तिला कळलं तर कळू दे. स्वप्नं मात्र मी तिच्या कानात ओतणार नाही.

बर्फ गेलं. सरोवर पुन्हा हलायला लागलं.

तुझी
आस्तामावशी


व्हँकुव्हर
१८ मे १९८३

प्रिय मावशी,

प्रिंटर कुणाचीही वाट बघत नाहीये. ओळ संपली की कागद वर सरकवायचं काम कॉम्प्युटर सांगतो आणि प्रिंटर आपल्या मनानेही करतो. एका दाराला दोघांनी धक्का दिल्यासारखं होतं. एकाला थांबवायचं.

प्रिंटर बंद कर. झाकण उचल. मागे उजवीकडे आठ बारीक बटणांची रांग आहे, तांदळाच्या दाण्याएवढी. डावीकडून तिसरं खाली कर. विणायची सुई वापर. पेन्सिल नको, शिशाची पूड आत जाते. मग प्रिंटर चालू कर.

माझं ठीक. ग्लेन तुला सलाम सांगतोय. दुकानात कामाचा डोंगर आहे.

स्वावा


रिव्हरटन
६ जून १९८३

प्रिय स्वावा,

आधी मी प्रिंटर चालू असतानाच बटण खाली केलं. काही फरक नाही. तुला दोन शिव्या दिल्या, ओव्हनमधला पाव काढला, मग पत्र पुन्हा वाचलं. बंद करून चालू केला. ओळी शहाण्यासारख्या जवळ आल्या. शिव्या परत घेते.

आता नवं दुखणं. दीड पान छान छापतो आणि मग शब्द खायला लागतो. आम्माच्या वहीत एक मोठं स्वप्न आहे, १९११ सालचं, पांढऱ्या घोड्याचं. घोडा सरोवरावरून चालत येतो, बाई त्याला पाव देते, घोडा म्हणतो की माझ्या पाठीवर बसू नकोस, नुसती बरोबर चाल. हे कागदावर कसं आलं बघ: "घोडा सरोव बाई पा म्हणाला बसू चाल." सोबत पान पाठवतेय. खरं सांगू, असंही वाईट वाटत नाही वाचायला. पण आम्मा आम्हा दोघी बहिणींचा कान धरायची. तुझी आई पाच वर्षांची असताना स्वप्नात राजवाडा पाहिल्याचं सांगायला लागली, तर आम्माने विचारलं होतं, "पाहिलास, की आता बांधतेयस?" स्वप्नात आपल्या पदरचं काही घालायचं नाही आणि त्यातलं काही काढायचं नाही. दिसलं तेवढंच. तेव्हा माझा घोडा मला परत मिळवून दे.

एक वाटतं ते लिहून टाकते. तू दुरुस्तीसाठी म्हणून का होईना, ही पानं वाचतेस याचं मला बरं वाटतं. तुझी आई गेल्यापासून ही वही वाचणारं कुणी उरलं नव्हतं.

आस्तामावशी


व्हँकुव्हर
१५ जून १९८३

प्रिय मावशी,

चूक माझी आहे. कॉम्प्युटर भराभर बोलतो, प्रिंटर सावकाश लिहितो. प्रिंटरच्या पोटात सुमारे दीड पान मावतं. पोट भरलं की तो "थांब" म्हणतो. हा "थांब" ज्या तारेतून जातो ती विसाव्या टाचणीची तार तुझ्या केबलमध्ये जोडलेलीच नाही. मी घाईत खोक्यातली कुठलीतरी केबल घातली. त्यामुळे कॉम्प्युटरला काही ऐकू येत नाही, तो बोलतच राहतो आणि पुढचं सगळं सांडतं.

मी स्वतः जोडलेली केबल पोस्टाने पाठवतेय. तोवर सोबतच्या चिठ्ठीप्रमाणे वेग तीनशेवर आण. रटाळ चालेल, पण घोडा येईल.

आपल्या पूर्वजांच्या भाषेतलं ते एक अक्षर यंत्राकडे नाही असं तू पेन्सिलीने कडेला लिहिलं होतंस. आधी b छापायला सांग, मग मागे येऊन त्याच्यावरच p. दोन्ही मिळून ते अक्षर होतं. मी इथे करून पाहिलं. सुंदर दिसतं.

पुढची पानं पाठव, बरोबर येतायत का ते बघते. घोडा मलाही आवडला.

स्वावा


रिव्हरटन
४ जुलै १९८३

प्रिय स्वावा,

केबल आली. घोडा आला, पाव आला, सरोवर काठोकाठ भरलं. एक अक्षर गळत नाही. मी खुर्ची ओढून समोर बसते, दाताखाली साखरेचा खडा धरून कॉफी पिते आणि कागद घडी घालत खाली उतरताना बघते. कापड विणताना बघितल्यासारखं वाटतं.

सव्वीस ते चौतीस पानं पाठवतेय. एकतिसावं माझं, गेल्याच महिन्यातलं. पुष्कळ वर्षांनी मला असं पडलं. तुम्ही शहरातले लोक हसाल, पण लहानपणी ऐकलेलं तू विसरली नसशील. गेलेलं माणूस दारात येऊन राहायला जागा मागतं, तेव्हा आपल्यापैकी कुणाकडे तरी मूल यायचं असतं आणि आपलं नाव त्या मुलाला मिळावं अशी त्याची इच्छा असते. नाव दिलं तर ते माणूस त्या मुलाची पाठराखण करतं. मी लगेच सुक्या आलुबुखारचा सात थरांचा केक घेऊन आपल्या नात्यातल्या सोल्वेगकडे गेले आणि तिच्या पोटाकडे बघत बसले. शेवटी ती म्हणाली, "मावशी, बघू नकोस असं. हा सगळा माझ्याच हातचा पाव आहे." मग कोण असेल?

आस्तामावशी

(सोबतच्या कागदांपैकी)

पान ३१. जून १९८३. आस्ता.
दिवस होता. स्वयंपाकघराच्या दारात एक पुरुष उभा होता. बाहेर उन्हाळा होता, पण त्याच्या खांद्यांवर बर्फ होतं आणि ते वितळत नव्हतं. मी म्हटलं, दार लाव, माश्या येतात. त्याने दार लावलं. बूट काढले आणि टोकं बाहेरच्या बाजूला करून ठेवले. बूट माझ्या ओळखीचे होते. तो म्हणाला, आस्ता, तुमच्याकडे जागा आहे का. मी म्हटलं, माझ्याकडे आता कसली जागा, मी चौऱ्याहत्तर वर्षांची आहे, पण तू तिला विचार, जी


व्हँकुव्हर
१४ जुलै १९८३
(हे पत्र पाठवलं नाही.)

मावशी,

मी आहे ती. दहावा आठवडा.

ग्लेनशिवाय कुणाला ठाऊक नाही. एकोणऐंशीला तुला पहिल्याच महिन्यात कळवलं होतं, तू लोकरीचा अंगरखा विणून पाठवलास. एक्क्याऐंशीला पुन्हा कळवलं, तू दुसरा विणलास. दोन्ही माझ्या खणात आहेत, बटणंही न लावलेले. दोघांनाही नाव देण्याइतका वेळ मिळाला नाही. आता मी एकोणचाळीस वर्षांची आहे. डॉक्टरीणबाई बोलताना माझ्याकडे न बघता फाइलकडे बघते.

माझा स्वप्नांवर विश्वास नाही. दिवसभर मी तारा जोडते. तार जोडलेली असते किंवा नसते. पण परवा दुकानात पाकीट फोडून मी ते पान वाचलं आणि खाली बसले. कुणीतरी येतंय. ज्याला नाव हवंय असं कुणीतरी येतंय. म्हणजे हे राहणार. एवढं मला कुणीतरी सांगायला हवं होतं. आणि नेमकं तिथेच ते यंत्र अडलं. "जी" कोण? तो कोण? त्याने नाव सांगितलं का?

तुला सरळ विचारलं तर तुला कळेल. कळलं तर तू विणायला बसशील. तिसरा अंगरखा माझ्याने बघवणार नाही.


व्हँकुव्हर
१४ जुलै १९८३

प्रिय मावशी,

पानं मिळाली, अक्षर स्वच्छ आहे. फक्त एकतिसावं मध्येच तुटलंय. खाली अर्धा कागद कोरा आहे. हे एवढं पान पुन्हा छापून बघ. आधी कॉम्प्युटर आणि प्रिंटर दोन्ही बंद कर, दहापर्यंत मोज. केबल दोन्ही टोकांना नीट बसलीय ना ते बघ, स्क्रू पिळ. तरी तिथेच तुटलं तर फ्लॉपीच्या दुसऱ्या प्रतीवरून छाप.

काय होतं ते लगेच कळव.

स्वावा


रिव्हरटन
१ ऑगस्ट १९८३

प्रिय स्वावा,

बंद केलं, दहा मोजले, स्क्रू पिळले. एकतिसावं पान पुन्हा छापलं. दुसऱ्या फ्लॉपीवरूनही छापलं. तंतोतंत तेच येतंय, काही काळजी करू नकोस. तीन प्रती एकावर एक ठेवून खिडकीच्या काचेला लावून बघितल्या. अक्षरावर अक्षर बसतंय. तुझ्या केबलचं कौतुक करावं तेवढं थोडं.

उन्हाळा इतका शांत आहे की दुपारी सरोवर आणि आकाश यांच्यामधली रेघ पुसली जाते. नावा हवेत टांगल्यासारख्या दिसतात. मी पायरीवर बसून वाटाणे सोलते आणि एका शेंगेतून दुसऱ्या शेंगेत जाताना मध्ये कुठेतरी पोचते, सांगता येत नाही कुठे. बेन्ता विचारते, "आस्ता, इतकं कसलं ठकठकतंय तुझ्याकडे?" म्हटलं, सुतारपक्षी पाळलाय.

आस्तामावशी


व्हँकुव्हर
१० ऑगस्ट १९८३

प्रिय मावशी,

दर वेळी तिथेच तुटतंय याचा अर्थ दोष केबलचा नाही. हे तर जास्तच वाईट. कदाचित फ्लॉपीवर त्या जागी ओरखडा असेल, किंवा टाइप करताना चुकून एखादी न दिसणारी खूण घातली गेली असेल आणि प्रिंटर ती आज्ञा समजून थांबत असेल. काचेवर ते पान उघड, "जी"च्या पुढे नेऊन कर्सर थांबव आणि पुसायची कळ तीनदा दाब. मग छाप.

नाही जमलं तर फ्लॉपीच पाठवून दे. दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये ठेव. चुंबकाजवळ नको, स्टोव्हजवळ नको.

मावशी, टाळाटाळ करू नकोस, लवकर पाठव.

स्वावा


रिव्हरटन
२९ ऑगस्ट १९८३

प्रिय स्वावा,

तीनदा कळ दाबली आणि माझं "जी" उडालं. ते परत टाइप केलं. वैताग आला, म्हणून फ्लॉपीच पाठवतेय. ज्या दोन पुठ्ठ्यांमध्ये घातलीय ते तुझ्या आईच्या शाळेच्या नकाशावहीचे आहेत, टाकू नकोस.

पण मला एक सांग. तू चौतीस पानं वाचलीस. घोडा आहे, बुडालेल्या चर्चची घंटा आहे, आपल्याच केसांचं जाळं विणणारी बाई आहे. तू चौकशी करतेस ती एकाच पानाची. त्यात तर काहीच घडत नाही. एक माणूस बूट काढतो. आधी तुझी पत्रं कशी एकेका कामापुरती असायची. हल्ली तू घाईत असतेस आणि अक्षर उजवीकडे झुकतं. तुझी आई काही लपवायची तेव्हा तिचंही झुकायचं.

मी विचारत नाही. नुसतं दिसलं ते सांगितलं.

आस्तामावशी


व्हँकुव्हर
९ सप्टेंबर १९८३

प्रिय मावशी,

फ्लॉपी आली. दुकानातल्या मोठ्या यंत्रावर लावून एकेक खण उघडून बघितला. ओरखडा नाही. चुकीची खूण नाही. मजकूर "जी"पाशी संपतो. पुढे काही नाहीच. बहुतेक पहिल्यांदा टाइप करताना पुढचं तू साठवायला विसरलीस आणि ते गेलं. फ्लॉपीवर असतं तर मी ते परत काढलं असतं. नसलेलं मला काढता येत नाही.

म्हणून आता विचारतेच. वहीत पुढे काय आहे? तो कोण होता? नाव काय सांगितलं?

मला ते हवंय, कारण ती मी आहे. अठरावा आठवडा आहे. तुला कळवलं नाही. दोनदा कळवून झालं होतं. रागव हवं तर, पण विणू नकोस. मला फक्त पुढचं वाक्य पाठव. खोटं वाटेल तुला, पण दोन महिने मी त्या एका वाक्यासाठी प्रत्येक तार तपासलीय. रोज सकाळी उठले की आधी पोटावर हात ठेवते आणि मग टपालपेटीत तुझं पत्र बघते.

तुझी
स्वावा


रिव्हरटन
२१ सप्टेंबर १९८३

माझ्या स्वावा,

पत्र वाचलं, बाहेर गेले, कोंबड्यांना दुसऱ्यांदा दाणे घातले, परत आले. मला राग आला नाही. आला, थोडा. कोंबड्यांपाशी उतरला. दुधाने तोंड पोळलेलं, तू ताकही फुंकूनच पिणार.

पुढे काही नाही ग. "तू तिला विचार, जी" म्हणेपर्यंत माझी किटली शिट्टी मारायला लागली आणि मी जागी झाले. खुर्चीतच डोळा लागला होता. जेवढं दिसलं तेवढंच लिहिलं, आम्माच्या शिस्तीने. वाक्य अर्धं होतं म्हणून अर्धं लिहिलं. यंत्राने काहीच खाल्लं नाही. तू विचारत होतीस पान बरोबर येतं का, आणि मी दर वेळी अभिमानाने सांगत होते की अगदी बरोबर येतं. पहिल्याच पत्रात "मावशी, मग पुढे काय झालं" असं विचारलं असतंस तर एका ओळीत उत्तर दिलं असतं. पण तुमच्या धंद्यात तुटलं की बिघाड, असंच असणार.

तो कोण, तेही मला माहीत नाही. मी त्याचं तोंड बघितलं नाही, बूट बघितले. आणि तसले बूट तेव्हा नदीकाठच्या प्रत्येक कोळ्याच्या पायात होते, सगळे एकाच दुकानातले. "जी" म्हणजे कोण ते स्वप्नात मला माहीत होतं. किटलीबरोबर तेही गेलं. हे तुझ्यासाठी वाढवून लिहिता आलं असतं. काल टेबलाशी बसून मी एक नाव बनवूनसुद्धा बघितलं. लिहवलं नाही.

त्याऐवजी दुसरं एक लिहिलंय. ते कुठल्याच वहीत नव्हतं. त्यातलं सगळं तुझ्या आईशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं. आज टाइप केलं आणि छापलं. निदान या पानावर तरी यंत्र अडेल असं मला वाटत होतं. नाही अडलं. एक अक्षर गळलं नाही.

तुझी
मावशी

(सोबतचा कागद)

जानेवारी १९३६. आस्ता.
माझ्या नवऱ्याचा धाकटा भाऊ केतिल आला. पाच हिवाळ्यांपूर्वी तो बर्फाखाली जाळं लावताना गेला होता, बाविसाव्या वर्षी. तो चुलीजवळ बसला आणि हात शेकले. म्हणाला, वहिनी, मी तुझ्याकडे येतो, माझं नाव ठेव. मी म्हटलं, ठेवीन. तो हसला. मी स्वप्नातच उठून त्याला कॉफी दिली आणि त्याने ती पूर्ण प्यायली.

हे स्वप्न पुरं होतं. सगळं सांगितलेलं होतं, नावासकट. मी सगळ्या नदीकाठाला सांगितलं. नवऱ्याने पाळणा केला. सातव्या महिन्यात मूल गेलं. मुलगा होता. नाव ठेवायची वेळ आली नाही. बहिणीने त्याला टॉवेलात गुंडाळलं आणि माझ्याकडे दिलं. मी त्याला धरलं होतं. त्यानंतर मला मूल झालं नाही आणि त्याला धरल्याचं मी कुणाला सांगितलं नाही. केतिलला दिलेला शब्द मी मोडला असं मला वाटायचं. अजून वाटतं.

स्वावा, म्हणून सांगते. पुरं स्वप्न हातात असून मूल राहिलं नाही. तुझं अर्धंच आहे म्हणून घाबरू नकोस. ते राहील की नाही हे त्या कागदावर कधीच नव्हतं.


व्हँकुव्हर
१६ जानेवारी १९८४

प्रिय मावशी,

हे हाताने लिहितेय, दवाखान्यातून. अक्षर झुकलं असेल तर पलंगामुळे.

मधले चार महिने तुला चार ओळींच्या वर काही लिहिलं नाही. तू काही विचारलं नाहीस. महिला मंडळाचं पुस्तक आलं, त्यात एकतिसावं पान अर्धंच छापलंस आणि १९३६चं त्याच्या पुढे लावलंस, हे बघितलं. ते दुकानात सगळ्यांसमोर वाचलं आणि मला तिथून जावं लागलं.

सात तारखेला तो आला. मुलगा. पाच आठवडे आधीच. एवढासा, दोन्ही हातांत मावेल असा, आणि रागावलेला. त्याला काचेच्या पेटीत ठेवलं. तारा, नळ्या, दिवे. मला त्यातलं प्रत्येक यंत्र कळत होतं, कुठला दिवा कशाचा तेही. नऊ दिवस मी ते दिवे वाचले आणि त्याच्या तोंडाकडे फारसं बघितलं नाही. पेटीवर कार्ड होतं. नावाच्या जागी "मुलगा" असं लिहिलेलं. नर्स रोज विचारायची, "आज लिहायचं का?" मी म्हणायचे, "उद्या." ग्लेनने नावांची यादी केली होती. मी ती वाचली नाही. नाव ठेवलं तर तो नावाने जाईल असं मला वाटत होतं. बिननावाचा गेला तर कदाचित कमी जाईल. तुला हे कळेल, दुसऱ्या कुणाला मी सांगू शकत नाही.

काल डॉक्टरीणबाई आली आणि पहिल्यांदा फाइल न बघता माझ्याकडे बघून म्हणाली की पुढचे दोन दिवसही कठीणच आहेत, नक्की काही सांगता येणार नाही. ती गेल्यावर मी पेटीच्या भोकातून हात आत घातला. त्याने माझं बोट धरलं. मग माझ्या लक्षात आलं की गेला तरी मी त्याला धरलेलं असणारच आहे, नाव ठेवलं काय आणि न ठेवलं काय. तू टॉवेलात धरलं होतंस तसं.

तुझ्या स्वप्नात कोण आलं होतं ते मला माहीत नाही आणि त्याचा अर्थही मी लावत नाही. पण तुझ्या घरात एक नाव सत्तेचाळीस वर्षं न वापरता पडून आहे. ते मी घेतलं. तुला विचारलं नाही. कार्डावर मीच लिहिलं, केतिल.

नर्सला ते वाचता येईना. "कसं म्हणायचं?" तिने विचारलं. मी म्हणून दाखवलं. तिला जमलं नाही, पुन्हा म्हटलं. तिसऱ्या वेळी मी पेटीवर वाकून त्यालाच हाक मारली.

तुझी
स्वावा